उंदराच्या यकृतातला पित्तनलिकादाह: मॉडेल निवडण्यापासून स्लाइड वाचण्यापर्यंत

उंदराला पीएससी होत नाही. पीएससी म्हणजे पित्तनलिका दाहाने आवळत जाण्याचा माणसाचा आजार, ज्यात बऱ्याच रुग्णांना मोठ्या आतड्याचाही आजार असतो. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. कारण पीएचडीच्या प्रस्तावात हमखास लिहिलेलं असतं, 'पीएससीच्या माउस मॉडेलमध्ये अमुक औषध तपासणार', आणि वर्षभराने कुणीतरी विचारतं की तुमच्या उंदरांना मोठ्या आतड्याचा आजार कुठे आहे? तेव्हा उत्तर सुचत नाही.

आपण करतो ते एवढंच: उंदराच्या पित्तनलिकेला एका ठरावीक प्रकारे इजा पोचवतो आणि शरीर त्या इजेला कसं तोंड देतं ते पाहतो. त्यात दाहाचं रूप दिवसागणिक बदलत जातं. तिसऱ्या दिवशी न्यूट्रोफिलांची, म्हणजे इजेच्या जागी आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी, महिन्याभराने त्याच जागी तंतूंची जाळी. त्यामुळे कोणतं मॉडेल घेतलं याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, ते कितव्या दिवशी उघडून पाहिलं यावर उत्तर ठरतं. हा लेख पित्तनलिकांवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. उंदीर हाताळायचं प्राथमिक प्रशिक्षण झालेलं आहे असं धरून चालते.

आजाराचा कोणता तुकडा हवा आहे?

तीन आजार डोळ्यांसमोर ठेवा. पीएससी, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, यात लहानमोठ्या पित्तनलिकांभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तंतूंचे थर चढतात आणि नलिका जागोजागी आवळली जाते. पुरुषांत जास्त दिसतो, आणि बऱ्याच रुग्णांना सोबत आतड्याचा दाह, बहुतेकदा अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो. पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, हा मुख्यतः स्त्रियांचा. त्यात यकृतातल्या अगदी बारीक नलिका नष्ट होतात आणि रक्तात मायटोकाँड्रियाविरोधी अँटिबॉडी सापडतात. तिसरा बिलिअरी अट्रेशिया. नवजात बाळाच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका दाहाने बुजतात, बाळ पिवळं पडतं, शी पांढुरकी होते. लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तिन्हींत समान धागा आहे तो कोलँजिओसाइटचा, म्हणजे नलिकेच्या अस्तराच्या पेशीचा. या पेशीला मार बसला की ती गप्प बसत नाही. टीएनएफ, आयएल-६, सीसीएल२ असे रेणू सोडून न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट बोलावून घेते. मागोमाग टी पेशी येतात, शेजारचे पोर्टल फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी, जागे होतात, तंतू तयार होऊ लागतात. प्रश्न लिहिताना या साखळीतली एकच कडी पकडा. 'नलिका आधी गळते की न्यूट्रोफिल आधी येतात?' हा एक प्रश्न. 'मोनोसाइट अडवले तर तंतू कमी होतात का?' हा दुसरा. दोन्हींना वेगळा उंदीर लागतो आणि वेगळा दिवस.

इथे एक जुना सापळा आहे. माणसात न्यूट्रोफिल खेचणारा प्रसिद्ध रेणू म्हणजे आयएल-८. उंदराकडे हे जनुकच नाही. तिथे ते काम सीएक्ससीएल१ आणि सीएक्ससीएल२ करतात. किट मागवताना हे लक्षात ठेवा. 'माउस आयएल-८' म्हणून विकलं जाणारं किट बहुधा यांतलाच एखादा रेणू मोजत असतं, तेव्हा माहितीपत्रक नीट वाचा.

मॉडेलांची ओळख

एमडीआर२ नसलेला उंदीर या क्षेत्रातला सगळ्यात वापरलेला. याच जनुकाचं आजचं नाव एबीसीबी४. ॲमस्टरडॅमच्या गटाने हा उंदीर १९९३ साली प्रसिद्ध केला, तो पित्तात फॉस्फोलिपिड कसं येतं हे शोधताना. पीएससी त्यांच्या डोक्यात नव्हता. या जनुकाचं प्रथिन यकृतपेशीतून फॉस्फॅटिडिलकोलीन पित्तात सोडतं. पित्ताम्लं ही तशी साबणासारखी असतात, आणि फॉस्फोलिपिड त्यांना आपल्यात गुंतवून त्यांचा तिखटपणा मारतं. ते नसेल तर नलिकेच्या अस्तराचं तेच होतं जे दिवसभर निव्वळ सोड्याच्या पाण्यात हात घालून बसलेल्या माणसाच्या कातडीचं होतं. पेशींमधले घट्ट सांधे सुटतात, पित्त नलिकेबाहेर झिरपतं आणि तिथून दाह सुरू होतो. नलिकेभोवतीचे कांद्याचे थर याच उंदरात दिसतात हे ग्राझच्या गटाने २००४ मध्ये पायरीपायरीने दाखवलं. त्यानंतर 'पीएससीचं मॉडेल' ही ओळख पक्की झाली.

या उंदराचं कौतुक करावं तेवढं थोडं. आहार बदलावा लागत नाही, शस्त्रक्रिया नाही, आजार आपोआप आणि बऱ्यापैकी एकसारखा होतो. पण तीन गोष्टी गळी उतरवून घ्या. पहिली, आजाराची तीव्रता वंशावर अवलंबून असते. एफव्हीबी आणि बाल्ब-सी वंशात तो जोरात होतो, सी५७ ब्लॅक ६ मध्ये बराच सौम्य. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी वंश बघा. दुसरी, मादी उंदरांत आजार जास्त तीव्र असतो, माणसातल्या पीएससीच्या नेमका उलट. नर-मादी एकाच गटात कालवले तर फैलाव एवढा वाढतो की औषधाचा परिणाम त्यात बुडून जातो. तिसरी, वर्षभराने या उंदरांना यकृतपेशींचा कर्करोग होतो, तर पीएससीच्या रुग्णाला मुख्य भीती असते पित्तनलिकेच्या कर्करोगाची. म्हणून कर्करोगाच्या प्रश्नासाठी हा उंदीर घेताना शंभरदा विचार करा. आणि सहज सांगण्यासारखं: एफव्हीबी उंदीर डोळ्यांच्या वेगळ्याच जनुकदोषामुळे दूध तुटायच्या सुमारासच आंधळे होतात. थकवा किंवा खाज मोजायला वर्तनचाचण्या लावणार असाल तर हे आधी माहीत हवं.

डीडीसी आहार हे दुसरं कामाचं मॉडेल. नेहमीच्या खाद्यात ०.१ टक्का डीडीसी हे रसायन मिसळायचं. यकृतात त्यापासून असा पदार्थ बनतो जो हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) तयार करण्याची शेवटची पायरी अडवतो. मग हीमचा कच्चा माल असलेलं पॉर्फिरिन साचतं, पित्तात उतरतं, आणि बारीक नलिकांत त्याचे तपकिरी बुच बसतात. नलिका तुंबते, अस्तर चिडतं, दाह आणि मागोमाग तंतू. मोठा फायदा असा की कोणत्याही वंशाच्या, कोणत्याही जनुकबदल केलेल्या उंदराला हे खाद्य घालता येतं. शिवाय खाद्य थांबवलं की इजा बरी होते का, हेही बघता येतं. ज्यांच्याकडे एखाद्या प्रतिकारपेशीचं जनुक काढलेला ब्लॅक ६ उंदीर आधीच आहे, त्यांना मी डोळे मिटून हेच सुचवते.

बीडीएल म्हणजे पित्तवाहिनीला शस्त्रक्रियेने गाठ मारणं. पूर्ण तुंबल्यावर काय होतं एवढाच प्रश्न असेल तर हे ठीक. पहिल्या काही दिवसांत यकृतपेशींचे मेलेले पट्टे दिसतात, न्यूट्रोफिल धावतात, दोनेक आठवड्यांत नवीन नलिकांचं रान माजतं. पण हात बसेपर्यंत उंदीर दगावतात. पुढे, दाह अभ्यासायचा असताना वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम दिलं तर दाहावरच पाणी ओतलं जातं. वेदनाशामक टाळायचं असा याचा अर्थ अजिबात नाही. ब्युप्रेनॉर्फिनसारखं ओपिऑइड औषध घ्या, शॅम शस्त्रक्रिया (गाठ न मारता फक्त पोट उघडणं) केलेल्यांनाही तोच डोस द्या, आणि हे सगळं लिहून ठेवा.

एएनआयटी हे रसायन ग्लुटाथायोनला चिकटून पित्तात जातं आणि तिथे सुटून अस्तर जाळतं. एकच डोस दिला तर दोन दिवसांत न्यूट्रोफिलांचा लोंढा, खाद्यातून कमी मात्रेत दिलं तर जुनाट आजार. न्यूट्रोफिल हाच विषय असेल तर स्वस्त आणि पटकन होणारं काम.

बिलिअरी अट्रेशियासाठी ऱ्हीसस रोटाव्हायरस. बाल्ब-सीच्या पिल्लाला जन्मापासून २४ तासांच्या आत पोटात इंजेक्शन द्यायचं. उशीर झाला तर आजार नीट लागत नाही, त्यामुळे ॲनिमल हाउसमध्ये रात्रीअपरात्री 'मादी व्याली का' बघायला कुणीतरी जावंच लागतं. आठवड्याभरात पिल्लं पिवळी पडतात, अंग तेलकट दिसतं, शी फिकट होते, आणि बहुतेक तीन आठवड्यांच्या आत मरतात. इतक्या लवकर मरतात म्हणूनच तंतूंचा अभ्यास यात जमत नाही. सुरुवातीच्या एनके आणि सीडी८ या प्रतिकारपेशींचा मात्र उत्तम होतो. हा जिवंत विषाणू आहे. वेगळी खोली, जैवसुरक्षा पातळी दोनची सोय, आणि त्या खोलीतून बाहेर पडून थेट दुसऱ्या ब्रीडिंग खोलीत न जाण्याची शिस्त हवी.

पीबीसीच्या बाजूला एनओडी.सी३सी४, टीजीएफ-बीटा ग्राहकात बिघाड केलेला उंदीर, इंटरफेरॉन गॅमाचा दीर्घ स्राव असलेला एआरई-डेल, असे कितीतरी आहेत. मायटोकाँड्रियाविरोधी अँटिबॉडी आणि नलिकांभोवती टी पेशी बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण कुठे सोबत आतड्याचा दाह, कुठे पित्तनलिकांच्या पाण्याने भरलेल्या गाठी, असं काहीतरी मागे लागतंच. एआरई-डेलमध्ये आजार मादींना जास्त होतो, त्यामुळे लिंगभेदाचा प्रश्न असेल तर आधी तिकडे बघा.

आणि एक नवा पाहुणा. उंदराच्या पित्तात म्युरिकोलिक आम्लं असतात, जी माणसात जवळपास नसतात. ती बनवणारं एन्झाइम म्हणजे सीवायपी२सी७०. ते जनुक काढलं की उंदराचं पित्त माणसासारखं, म्हणजे जास्त जहाल होतं, आणि नलिकांना आपोआप इजा होते, मादींमध्ये अधिक. पित्ताम्लांवर काम करणारं औषध तपासायचं असेल तर मला हा उंदीर फार महत्त्वाचा वाटतो. असं का, ते शेवटी येईल.

कागदपत्रं, खाद्य, पिंजरे

भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली सीसीएसईए ही समिती, पूर्वीची सीपीसीएसईए, प्रयोगांवर देखरेख ठेवते. तुमच्या संस्थेच्या आयएईसीकडे, म्हणजे प्राणी नैतिकता समितीकडे, फॉर्म बी भरून मंजुरी घ्यावी लागते. त्या फॉर्ममध्ये उंदरांची संख्या का एवढीच, हा प्रश्न असतो, आणि तिथे बहुतेक जण मागच्या पेपरातला आकडा उतरवतात. तसं करू नका. एक साधा हिशेब लक्षात ठेवा: दोन गटांची तुलना, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), ५ टक्के सिग्निफिकन्स पातळी, तर प्रत्येक गटात लागणारे उंदीर साधारण १६ भागिले डीचा वर्ग. डी म्हणजे अपेक्षित फरक भागिले प्रमाण विचलन. फरक दीड विचलनाचा असेल तर १६ भागिले २.२५, म्हणजे सातच्या वर, म्हणून आठ. विचलन मात्र तुमच्याच ॲनिमल हाउसमधल्या छोट्या पायलटमधून काढा.

त्याच फॉर्ममध्ये थांबण्याचे निकषही लिहायचे असतात. वजन सुरुवातीच्या २० टक्क्यांनी घटलं, केस विस्कटले, उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसला, हालचाल मंदावली, की त्याला वेदनारहित मरण द्यायचं. हे निकष पिंजऱ्याच्या कार्डावरही लिहा, कारण रविवारी बघणारा माणूस तुम्ही नसता.

पिंजऱ्यांबद्दल दोन शब्द. उंदीर एकमेकांची आणि स्वतःची लेंडी खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे आतड्यातले जिवाणू हळूहळू सारखे होतात. एमडीआर२ नसलेला उंदीर जिवाणूमुक्त वातावरणात वाढवला तर त्याचा आजार आणखी बिघडतो, म्हणजे जिवाणू हा इथे बाजूचा विषय राहत नाही. सगळे नॉकआउट (जनुक काढलेले) एका पिंजऱ्यात आणि सगळे नॉर्मल दुसऱ्यात ठेवलेत तर फरक जनुकाचा की लेंडीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हेटेरोझायगस (जनुकाची एकच चांगली प्रत असलेल्या) जोडीतून एकाच वेतातली पिल्लं घ्या, एकत्र वाढवा, मग गट पाडा.

दिवस कसा ठरवायचा

आता मूळ मुद्दा. डीडीसीचा चार आठवड्यांचा प्रयोग मी कसा मांडते ते सांगते. आठ आठवड्यांचे नर, ब्लॅक ६. दिवस शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. शून्य म्हणजे साधं खाद्य, पण त्याच कंपनीचं, त्याच मूळ मिश्रणाचं. जमलं तर एक जास्तीचा गट, अठ्ठावीस दिवस डीडीसी आणि मग दोन आठवडे साधं खाद्य, बरं होणं पाहायला. पायलटमध्ये प्रत्येक दिवसाला तीन-तीन उंदीर पुरतात. तेवढ्यावरून कळतं की तुम्हाला हवी ती पेशी शिखरावर कधी आहे आणि उतरणीला कधी लागते.

हे टाळून थेट 'पेपरात आहे म्हणून चौदावा दिवस' असं केलं तर काय होतं? समजा न्यूट्रोफिल तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात चढून उतरले. चौदाव्या दिवशी न्यूट्रोफिल काढून टाकलेल्या आणि न काढलेल्या उंदरांत फरक दिसणार नाही, आणि तुम्ही लिहाल की त्यांचा काही संबंध नाही.

डीडीसी घातलं की पहिल्या आठवड्यात वजन घटतं. रोज एकाच वेळी वजन घ्या आणि पिंजऱ्यात किती खाद्य संपलं तेही मोजा. या दुसऱ्या आकड्याचा कंटाळा येतो, पण नंतर तोच तुम्हाला वाचवतो.

एमडीआर२साठी दिवसांऐवजी आठवडे. नलिका गळायला लागणं पाहायचं तर दुसरा ते चौथा आठवडा, कांद्याचे थर साधारण आठव्याला. औषध चौथ्या आठवड्यात सुरू केलं की बाराव्या, हे आधी ठरवा. चौथ्यात सुरू केलेलं औषध आजार रोखतं, बाराव्यातलं आजार बरा करतं. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो बाराव्या आठवड्यासारखा, चौथ्यासारखा नाही.

सॅक्रिफाइसचा दिवस

उंदीर रात्री खातात, पित्ताशय त्यानुसार भरतं आणि रिकामं होतं, पित्ताम्लं दिवसभर वरखाली होतात. त्यामुळे सकाळची ठरावीक दोन-तीन तासांची खिडकी ठेवा आणि गट आलटून पालटून घ्या. सगळे कंट्रोल नऊ वाजता आणि सगळे डीडीसी बारा वाजता असं केलंत तर तुम्ही घड्याळ मोजलंत. उपाशी ठेवायचे की नाही ते एकदाच ठरवा आणि सगळ्यांना सारखं.

क्रम असा: भूल, हृदयातून रक्त, पोट उघडणं, पित्ताशय, यकृत. प्रौढ उंदरातून शेवटच्या वेळी पाऊण ते एक मिलिलिटर रक्त मिळतं. सुई बारीक आणि ओढ हळू. रक्तपेशी फुटल्या की एएसटी हे यकृताची इजा दाखवणारं एन्झाइम उगाच चढतं. सीरम काढल्यावर नळीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, बिलिरुबिन उजेडात मोडतं.

पोट उघडल्यावर लगेच हात चालवू नका, आधी बघा. डीडीसीचं यकृत लालसर राहत नाही, काळपट तपकिरी दिसतं. बीडीएलमध्ये पित्ताशय फुग्यासारखं ताणलेलं असतं. तसं नसेल तर गाठ सुटली आहे किंवा चुकीच्या जागी बसली आहे, आणि तो उंदीर त्याच क्षणी वगळायचा, आकडे पाहिल्यावर नव्हे. फोनवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

यकृताचं वजन घ्या आणि मग वाटणी. कोणता खंड कशासाठी ते भिंतीवर लिहून चिकटवलेलं असावं. माझ्याकडे डावा खंड फॉर्मॅलिनमध्ये, मधल्या खंडाचा पित्ताशयाजवळचा भाग गोठवलेल्या सेक्शनसाठी, उजवा द्रव नायट्रोजनमध्ये आरएनएसाठी. फॉर्मॅलिन १० टक्के, बफर केलेलं, २४ तास. शुक्रवारी टाकून सोमवारी काढलेल्या तुकड्यावर काही अँटिबॉडी बसतच नाहीत.

स्लाइड: लाल ठिपक्यांची गोष्ट

एक फजिती सांगते. डीडीसीच्या सातव्या दिवसाचे सेक्शन, न्यूट्रोफिलांसाठी एलवाय६जी अँटिबॉडी, लाल रंगाचा फ्लुरोफोर (चमकणारा रंग). मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पोर्टल भागात (जिथे पित्तनलिका आणि रक्तवाहिन्या एकत्र असतात) झगझगीत लाल ठिपके, नलिकांच्या आत आणि भोवती. कंट्रोलमध्ये शून्य. मी तीन आठवडे ते मोजले, आलेख काढले, लॅब मीटिंगमध्ये दाखवले. मग एका विद्यार्थिनीने चुकून अँटिबॉडी न घातलेली स्लाइड ठेवली आणि तिच्यातही तेच ठिपके. पॉर्फिरिन स्वतःच लाल चमकतं. मी न्यूट्रोफिल म्हणून नलिकेतले बुच मोजले होते.

म्हणून डीडीसीमध्ये प्रत्येक गटातली एक स्लाइड काहीही न लावता, आणि एक फक्त सेकंडरी अँटिबॉडी लावून बघायची. इम्युनोफ्लुरोसन्स करायचाच असेल तर महत्त्वाची खूण हिरव्या चॅनेलमध्ये घ्या. फ्लुरोसन्स टाळून डीएबी या साध्या प्रकाशात दिसणाऱ्या रंगाकडे वळलात तर तिथे वेगळी अडचण: डीएबी तपकिरी आणि बुचही तपकिरी. लाल किंवा निळा रंग देणारं क्रोमोजेन वापरा. सिरियस रेडने तंतू मोजताना ध्रुवीकृत प्रकाशात हेच पॉर्फिरिन लकाकतं आणि सॉफ्टवेअर त्याला कोलॅजन समजतं. नेहमीच्या प्रकाशातलं क्षेत्रफळ मोजा, आणि जोडीला कोलॅजनमधलं हायड्रॉक्सीप्रोलीन मोजा.

बाकी स्टेनिंगमध्ये सीके१९ने नलिका, एफ४/८०ने मॅक्रोफेज, सीडी३ने टी पेशी, एवढा पाया पुरतो. मोजताना दर उंदरामागे किमान दहा पोर्टल भाग, आणि कोणता गट ते मोजणाऱ्याला माहीत नको. स्लाइडवर नंबराची चिकटपट्टी लावायला पाच मिनिटं लागतात. कांद्याच्या थरांची जाडी मोजायची तर नलिका गोल कापली गेलेली हवी. तिरपी कापलेली नलिका नेहमीच जाड दिसते.

फ्लो सायटोमेट्री

इथे यकृतातल्या पेशी सुट्या करून एकेक मोजायच्या असतात. पोर्टल शिरेतून यकृत धुऊन फिकट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तुम्ही रक्तातल्या पेशी मोजाल. तंतुमय यकृत कोलॅजनेजला, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइमला, दाद देत नाही. कंट्रोलमधून भराभर पेशी सुटतात आणि आजारी यकृतातून कमी, हा फरक कायम डोक्यात ठेवा आणि फ्लोचं उत्तर स्लाइडवर ताडून बघा.

टक्केवारीचा मोह टाळा. समजा कंट्रोलमध्ये शंभर प्रतिकारपेशींत वीस टी पेशी आहेत. आजारी उंदरात टी पेशी वीसच राहिल्या पण साठ न्यूट्रोफिल आले, तर टी पेशी २० वरून साडेबारा टक्क्यांवर 'घसरल्या'. प्रत्यक्षात एकही कमी झालेली नाही. मोजणीचे मणी घाला आणि दर ग्रॅम यकृतामागे संख्या लिहा.

बाल्ब-सीत एनके१.१ची नेहमीची अँटिबॉडी बसत नाही, तिथे सीडी४९बी घ्या. रोटाव्हायरसच्या मॉडेलमध्ये एनके पेशी 'गायब' झाल्याचं पाहून हबकलेले दोनतीन जण तरी मला माहीत आहेत.

मॅक्रोफेजना एकाच नावाखाली टाकू नका. यकृतात कायम राहणाऱ्या कुप्फर पेशी सीएलईसी४एफ दाखवतात. रक्तातून नव्याने आलेले मोनोसाइट एलवाय६सी जास्त आणि एफ४/८० कमी. पित्तनलिकेच्या दाहात मुख्यतः हे नवे आलेलेच महत्त्वाचे ठरतात. त्यांना बोलावणारा सीसीआर२ ग्राहक अडवला की एमडीआर२ नसलेल्या उंदरांत इजा आणि तंतू दोन्ही घटतात, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं.

रक्त आणि आरएनए

रक्तात मोजायचं ते एवढं: एएलटी, अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन, एकूण पित्ताम्लं. रुग्णांत महत्त्वाचं असलेलं जीजीटी उंदरात इतकं कमी असतं की त्यावर पैसे घालवू नका. कोवळ्या उंदरात फॉस्फटेजचा एक भाग हाडांतून येतो, त्यामुळे कंट्रोलचं वय नेमकं तेच हवं.

पीसीआरचा निकाल वाचताना एक विचार करा. पूर्ण यकृतात कोलँजिओसाइट जेमतेम तीन ते पाच टक्के असतात. सीके१९चं आरएनए पाचपट झालं म्हणजे प्रत्येक पेशी जास्त बनवते आहे, की पेशीच पाचपट झाल्या? पूर्ण यकृताच्या आरएनएवरून हे कळत नाही. 'कोलँजिओसाइटमध्ये टीएनएफ वाढला' असं वाक्य लिहायचं असेल तर एपकॅम या नलिकापेशींवरच्या खुणेने पेशी वेगळ्या करा किंवा स्लाइडवर दाखवा.

औषध तपासताना

डीडीसी किंवा एएनआयटी खाद्यातून देताना औषधामुळे उंदराची भूक मेली तर तो विषही कमी खातो, आणि औषध चमत्कार करतंय असं दिसतं. खाद्य मोजायला सांगितलं ते यासाठी. दुसरी शक्यता, औषधाने यकृतातली सायटोक्रोम एन्झाइमं दाबली, मग डीडीसीपासून घातक पदार्थच बनला नाही. म्हणून औषधाच्या गटात यकृतातलं पॉर्फिरिनही मोजा. ते कंट्रोल डीडीसीइतकंच असेल आणि तरी दाह कमी असेल, तेव्हाच दाहावर परिणाम झाला म्हणता येतं. आणि तोच परिणाम एमडीआर२मध्ये, जिथे इजेचं कारणच वेगळं आहे, पुन्हा दाखवा.

आता पित्ताम्लांचं. पीबीसीच्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं उर्सोडिऑक्सीकोलिक आम्ल एमडीआर२ नसलेल्या आणि बीडीएल केलेल्या उंदरांत इजा वाढवतं. त्याचाच धाकटा भाऊ नॉर-उर्सो एमडीआर२ उंदरांत २००६ मध्ये सरस ठरला आणि पुढे पीएससीच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत त्याने अल्कलाइन फॉस्फटेज उतरवलं. म्हणजे एका उंदराने एका औषधाबद्दल रुग्णापेक्षा वेगळं सांगितलं आणि दुसऱ्याबद्दल बरोबर वाट दाखवली. उंदीर उर्सोचा काही भाग म्युरिकोलिकमध्ये बदलतो, शिवाय त्याची पित्ताम्लं टॉरिनला जोडलेली असतात, माणसाची बहुतांशी ग्लायसिनला. पित्ताम्लांवरच्या औषधासाठी सीवायपी२सी७० नसलेला उंदीर सुचवते ते म्हणून.

लिहिताना मेलेले आणि वगळलेले उंदीर, वगळण्याचं कारण, वंश, लिंग, वय, खाद्याचा प्रकार, सॅक्रिफाइसची वेळ, सगळं लिहा. प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत हे सांगणाऱ्या अराइव्हच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचीत यातलं बहुतेक आहे, ती प्रयोग संपल्यावर नव्हे तर फॉर्म बी भरतानाच शेजारी ठेवा. आणि मेणाचे ठोकळे फेकू नका. प्रत्येक उंदराचा एक न कापलेला ठोकळा बाजूला, तारीख आणि दिवस लिहून. सहा-आठ महिन्यांनी परीक्षक अशा एका अँटिबॉडीचं स्टेनिंग मागतोच जिचं नाव तुम्ही तोवर ऐकलेलं नसतं, आणि तेव्हा तिसऱ्या दिवसाचा उंदीर पुन्हा मिळत नाही.